पोथी, पुस्तक आणि पडदा

कागदाचे पुस्तक घ्यावे की ई-पुस्तक, हा प्रश्न आपल्या घरांत बहुधा नातवंडांबरोबर आला. परंतु तो वाटतो तितका नवा नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईस १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले, तेव्हा छापील ग्रंथास हात लावावा की नाही, यावरच सोवळ्या मंडळींत खल चालला होता. शाईत चरबी असते, हा मुख्य आक्षेप. म्हणून त्यांनी तूप घालून शाई केली, असे सांगतात. पोथी शुद्ध आणि छापील पुस्तक बाटलेले, ही समजूत पुढे स्वस्ताईने व सोयीने मोडली, शास्त्रार्थाने नव्हे.

आम्हां बडोदेकरांना दुसरा दाखला अधिक जवळचा. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सुटलेल्या मुलाने पुढे वाचावे काय, हा पेच उरला. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. पेटी गावी यावी, वाचून व्हावी, परत जावी, दुसरी यावी. वाचकाने पुस्तकाचे मालक असलेच पाहिजे, असा आग्रह त्या योजनेत नव्हता.

ई-पुस्तक हीही एक फिरती पेटीच. मात्र तिची किल्ली परक्या हाती असते. २००९ साली अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, पैसे परत मिळाले. पुस्तक मात्र गेले. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. तेथेही पैसे परत, पुस्तके नाहीशी. सरकारी दप्तरात उमेद घालविलेल्या आम्हांस खरेदीखत आणि भाडेपट्टा यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. शिवाय युनिकोड रूढ होण्यापूर्वी खासगी फाँटांत टंकलेला मराठी मजकूर आज दुसऱ्या संगणकावर उघडावा, तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. मोडी वाचणारे थोडे उरले हे खरे, पण ती अक्षरे निदान जागेवर आहेत.

तरीही नाक मुरडण्याचे कारण नाही. विश्वकोशाचे वीस खंड मावतील अशी कपाटे आता किती घरांत आहेत? ते संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि मोतीबिंदू झालेल्यास अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मराठी पुस्तकांचे दुकान नसलेल्या गावी राहणाऱ्याला तर दुसरा मार्गच नाही. एकदा वाचून संपणारी कादंबरी पडद्यावर खुशाल वाचावी, असे आमचे मत आहे. पण समासात आजोबांच्या हातचे टिपण असलेले, पुन्हा न छापलेले पुस्तक कागदावरच राखले पाहिजे. जुन्या वाड्यांच्या वाटण्या होतात तेव्हा तांब्यापितळेची यादी होते, पुस्तकांची होत नाही; ती थेट रद्दीत जातात. ही यादी आधी करावी, आणि ज्याची दुसरी प्रत कोठे आढळत नाही, त्याची पाने स्कॅन करून दोन-तीन घरी ठेवावीत.