शिट्टी पंचाची, कसोटी संयमाची : कोकणातील कबड्डी आणि मैदानावरील वाद

मालवण : कबड्डीच्या मैदानावरील चौदा खेळाडूंची नावे प्रेक्षकांच्या तोंडी असतात, पंचाचे नाव मात्र निर्णय चुकला असे वाटले तरच विचारले जाते. पावसाळा सरून भातकापणी आटोपली की सिंधुदुर्ग जिल्ह्यात कबड्डी आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने सुरू होतात, ते मे महिन्यापर्यंत चालतात. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या गावांतून क्रीडा मंडळे रात्रीच्या प्रकाशझोतात स्पर्धा भरवितात. या स्पर्धांचा सारा डोलारा ज्या माणसाच्या शिट्टीवर उभा असतो, त्या पंचाचे काम नेमके काय, त्याचे अधिकार कोणते आणि प्रशिक्षकाशी वाद झाल्यास नियम काय सांगतात, याची माहिती खेळ आवडीने पाहणाऱ्यांनाही फारशी नसते.

नियमांची वाटचाल

हुतूतू या नावाने महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या या खेळाला नियमांच्या चौकटीत बसविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातच झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांच्या प्रात्यक्षिकांत कबड्डीचेही दर्शन घडविले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना आणि १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. एकेकाळी संजीवनी, गामिनी आणि अमर अशा तीन पद्धतींनी हा खेळ खेळला जाई. बाद झालेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद होताच पुन्हा मैदानात येतो, ही संजीवनी पद्धत आज सर्वमान्य झाली आहे.

सहा जणांची यंत्रणा

कबड्डीचा सामना एकटा पंच चालवीत नाही. एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक अशी सहा जणांची ही यंत्रणा असते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, तर महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. दोन पंच समोरासमोरच्या बाजूंना उभे राहून चढाईचा निर्णय देतात. सहाय्यक गुणलेखक अंतिम रेषेवर नजर ठेवतात आणि बाद झालेले खेळाडू कोणत्या क्रमाने बाहेर बसले, याची नोंद करतात. हा क्रम महत्त्वाचा असतो, कारण खेळाडू त्याच क्रमाने जिवंत होतात. बोनस गुणावर कोणीही जिवंत होत नाही. त्यामुळे चुकीचा खेळाडू आत आल्याची तक्रार झाली, तर निर्णय स्मरणशक्तीवर नव्हे, नोंदीवर होतो.

सर्वसाधारणपणे पंचांचा निर्णय अंतिम असतो. दोन पंचांत मतभेद झाला किंवा विशेष प्रसंग उद्भवला, तरच सरपंच निर्णय देतो. नाणेफेक करणे आणि सामन्याच्या एकंदर संचालनावर देखरेख ठेवणे हीही त्याचीच कामे आहेत. प्रत्येक शंकेसाठी थेट सरपंचाकडे धाव घेणारा प्रशिक्षक म्हणूनच नियमांची पायरी चुकवीत असतो.

वाद कुठे उद्भवतात?

कबड्डीतील बहुतेक वाद ठरावीक चार-पाच जागी होतात. पहिली जागा म्हणजे बोनस रेषा. बचावात सहा किंवा सात खेळाडू असतानाच बोनस मिळू शकतो. चढाईपटूचा पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला असताना मागचा पाय जमिनीवरून उचललेला असावा लागतो. प्रेक्षकांची नजर पुढच्या पायावर असते. पंचाची मात्र मागच्या पायावर असावी लागते. दोघांना दोन वेगळी दृश्ये दिसतात आणि वादाला तोंड फुटते.

दुसरी जागा राखीव क्षेत्राची. दोन्ही बाजूंना असलेला एक मीटर रुंदीचा हा पट्टा झटापट सुरू झाल्यावरच खेळाचा भाग बनतो. स्पर्श होण्यापूर्वी चढाईपटूचा पाय तिकडे गेला, तर तो बाद ठरतो. स्पर्श आधी की पाय आधी, याचा निवाडा क्षणार्धात करावा लागतो.

तिसरी बाब दमाची. चढाईपटूने 'कबड्डी' हा उच्चार स्पष्ट, सलग आणि एका श्वासात केला पाहिजे. किनाऱ्यालगतच्या मैदानावर खारा वारा, लाटांची गाज, जनित्राचा आवाज आणि ध्वनिक्षेपकावरून अखंड चालणारे समालोचन यांतून हा उच्चार ऐकणे सोपे नसते. अनुभवी पंच म्हणूनच चढाई सुरू असताना समालोचकाने थांबावे, अशी सूचना सामन्याआधीच देऊन ठेवतो.

चौथे कारण मैदानाचे. गावोगावच्या स्पर्धांत तांबड्या मातीवर फक्कीने रेषा आखलेल्या असतात. दोन सामन्यांनंतर त्या पुसट होतात आणि पाय रेषेवर पडला की पलीकडे, हे सांगणे कठीण होते. रेषा ही मैदानाचाच भाग मानली जाते. तिच्यावर पडलेला पाय आत, तिच्या पलीकडच्या जमिनीला लागलेला पाय बाहेर. मध्यंतराच्या पाच मिनिटांत रेषा पुन्हा आखून घेण्याचा आग्रह धरणारा पंच आयोजकांना कटकट्या वाटतो; परंतु अर्धे वाद तेथेच मिटतात.

या जोडीला सामन्यापूर्वीचे वादही असतात. खुल्या पुरुष गटासाठी ८५ किलोची वजनमर्यादा आहे. नखे कापलेली असावीत, अंगावर दागिने नसावेत, शरीराला तेल किंवा तत्सम पदार्थ लावलेला नसावा, असा नियम आहे. ही तपासणी सामना सुरू होण्यापूर्वीच काटेकोरपणे झाली, तर पकड सुटल्यावर तेलाच्या तक्रारीला जागा उरत नाही.

प्रशिक्षकाला कुठवर बोलता येते?

नियमपुस्तिका याबाबत स्पष्ट आहे. निर्णयांबाबत पंचांना वारंवार उद्देशून बोलणे, त्यांच्याविषयी अनुदार उद्गार काढणे, त्यांच्या निर्णयावर प्रभाव पडेल असे वर्तन करणे आणि बोट दाखवून विशिष्ट निर्णयाची मागणी करणे, हे सारे नियमभंग आहेत. बाहेरून सतत मार्गदर्शन करणे हेही त्याच यादीत येते. मार्गदर्शनासाठी प्रत्येक डावात दोन वेळा ३० सेकंदांचा विश्राम घेण्याची सोय आहे. प्रशिक्षकाने आपले म्हणणे त्या वेळेत खेळाडूंना सांगावे, पंचाला नव्हे, अशी नियमांची अपेक्षा दिसते.

शिस्तभंगावर तीन कार्डे असतात. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटांसाठी निलंबन आणि लाल म्हणजे त्या सामन्यातून बाहेर. ताकीद देणे, प्रतिस्पर्ध्याला गुण बहाल करणे आणि निलंबित करणे हे अधिकार केवळ खेळाडूंपुरते मर्यादित नाहीत. प्रशिक्षकावर आणि संघावरही त्यांचा वापर होऊ शकतो.

अन्य खेळांतही हाच विचार आढळतो. बेसबॉलमध्ये संघाच्या व्यवस्थापकाने मैदानात येऊन पंचाशी हुज्जत घालणे हे नेहमीचे दृश्य. तरीही त्या खेळाची नियमावली दोन गोष्टींत काटेकोर फरक करते. चेंडू योग्य होता की नाही, धावपटू बाद झाला की नाही, हा पंचाच्या नजरेचा निवाडा असून तो अंतिम असतो. पंचाने नियमच चुकीचा लावला अशी शंका असेल, तर मात्र व्यवस्थापकाला दाद मागता येते. क्रिकेटच्या नियमांत २०१७ पासून गैरवर्तनाबद्दल पाच धावांचा दंड आणि गंभीर प्रसंगी खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याची तरतूद आली. 'काय घडले' आणि 'कोणता नियम लागू होतो' हा फरक कबड्डीच्या पंचानेही मनात पक्का ठेवावा असाच आहे. पहिल्या प्रश्नावर चर्चा नको; दुसऱ्यावर शांतपणे ऐकून घेण्यात कमीपणा नाही.

हांगझोऊचा धडा

नियमच संदिग्ध असला तर काय होते, याचे उदाहरण ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत साऱ्या जगाने पाहिले. भारत आणि इराण यांच्यातील पुरुषांच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी असताना, अखेरच्या काही क्षणांत पवन सेहरावतने निर्णायक चढाई केली. बचावपटूला स्पर्श न करताच तो राखीव क्षेत्रात गेला आणि त्याला रोखण्यासाठी इराणचे बचावपटूही त्याच्यामागोमाग तेथे गेले. जुन्या नियमानुसार चढाईपटूसह त्या क्षेत्रात गेलेले सारे बचावपटू बाद ठरत होते. व्यावसायिक लीगमध्ये वापरल्या जाणाऱ्या नव्या नियमानुसार केवळ चढाईपटू बाद होत होता. निर्णय एकाहून अधिक वेळा बदलला, दोन्ही संघांचे खेळाडू मैदानातच बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर थांबला. शेवटी भारताला चार व इराणला एक गुण देण्यात आला आणि भारताने ३३-२९ असे सुवर्णपदक जिंकले.

या प्रसंगातून गावपातळीवरच्या आयोजकांनी घ्यायचा बोध सोपा आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून तरुण खेळाडू दूरचित्रवाणीवरचे नियम पाहून मैदानात उतरतात, तर ज्येष्ठ प्रशिक्षकांच्या मनात जुने नियम असतात. स्पर्धा कोणत्या नियमांनुसार खेळविली जाईल, तिसऱ्या चढाईचा, अव्वल पकडीचा, बरोबरी झाल्यास पाच-पाच चढायांचा नियम लागू आहे की नाही, हे सामन्यापूर्वी दोन्ही संघनायकांना आणि प्रशिक्षकांना एकत्र बोलावून सांगितले पाहिजे.

वाद उद्भवल्यावर

वाद झालाच, तर कोणता क्रम पाळावा? प्रथम शिट्टी वाजवून खेळ थांबवावा आणि वेळही थांबवावी. घड्याळ चालू राहिले तर आघाडीवरील संघ वाद लांबवीत बसतो. बोलण्यासाठी केवळ संघनायकाला पुढे बोलवावे. शंका खरी असल्यास दोन्ही पंचांनी खेळाडूंपासून दूर जाऊन एकमेकांना काय दिसले ते विचारावे. एकमत न झाल्यास सरपंचाने निर्णय द्यावा, तो हाताच्या खुणेने आणि गुणलेखकाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करावा व लगेच पुढची चढाई सुरू करावी. जाहीर झालेला निर्णय गर्दीच्या आवाजाने बदलता कामा नये. याहून घातक म्हणजे 'भरपाईचा निर्णय'. मघाशी एका संघावर अन्याय झाला असे वाटून पुढचा संशयास्पद गुण त्याच संघाला दिला, की एका चुकीच्या दोन चुका होतात आणि दोन्ही संघांचा विश्वास उडतो.

अलीकडे भ्रमणध्वनीवरील चित्रफितीची भर पडली आहे. चढाई संपण्याआधीच प्रेक्षकांतून कोणीतरी पडदा पुढे करतो. तथापि एका कोपऱ्यातून, एका उंचीवरून टिपलेले दृश्य रेषेचा निवाडा करू शकत नाही. शिवाय ज्या स्पर्धेत फेरआढाव्याची तरतूद नाही, तेथे एका संघासाठी चित्रफीत पाहणे दुसऱ्या संघावर अन्याय ठरते. तक्रार गंभीर असेल, तर स्पर्धेच्या नियमांनुसार ठरावीक शुल्क भरून लेखी हरकत घेण्याचा मार्ग बहुतेक स्पर्धांत खुला असतो.

लहान जिल्ह्याची मोठी अडचण

१९८१ मध्ये रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग हा आठ तालुक्यांचा छोटा जिल्हा आहे. येथे पंच, प्रशिक्षक, खेळाडू आणि आयोजक एकमेकांना नावानिशी ओळखतात. 'सर, तेचो पाय गेलोच नाय!' असे ओरडणारा प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात किंवा एसटीच्या थांब्यावर भेटणार असतो. ही ओळख कधी राग लवकर विझविते, तर कधी पंचावर संकोचाचे ओझे टाकते. म्हणूनच शक्य तेथे दोन्ही संघांच्या तालुक्याबाहेरचे पंच नेमणे, निदान दोन पंचांपैकी कोणीही खेळणाऱ्या मंडळाशी संबंधित नसणे, ही आयोजकांची जबाबदारी आहे. पंचाला सुरक्षितपणे उभे राहता येईल एवढी जागा मैदानाभोवती मोकळी ठेवणे हीदेखील त्यांचीच.

निवड चाचणीच्या स्पर्धेत एका गुणाचे मोल करंडकापुरते राहत नाही. जिल्हा संघातील निवड, तेथून राज्य स्पर्धा, पुढे शालेय गटात परीक्षेतील सवलतीचे गुण आणि शासकीय सेवेतील पाच टक्के क्रीडा आरक्षण, अशी ही साखळी आहे. मच्छीमार किंवा शेतकरी कुटुंबातील मुलाला नोकरीचे जे थोडे दरवाजे दिसतात, त्यांतील एक या मैदानातून उघडतो. प्रशिक्षकाच्या संतापामागे पुष्कळदा ही काळजी असते. पंचाने तो संताप सहन करावा असे नाही; त्यामागचे कारण मात्र ओळखावे.

पंच व्हायचे असल्यास

कबड्डी संघटनांतर्फे पंच परीक्षा घेतल्या जातात. जिल्हा पातळीवर काम करीत राज्य व राष्ट्रीय पंच होण्याची वाट तेथूनच सुरू होते. निवृत्त खेळाडू आणि शारीरिक शिक्षण शिक्षक यांनी या कामाकडे वळणे स्वाभाविक आहे. महिलांचे सामने वाढत असल्याने महिला पंचांचीही गरज आहे. तयारी म्हणून नियमपुस्तिकेची चालू आवृत्ती जवळ बाळगावी, गुणपत्रिका भरण्याचा सराव करावा आणि आरंभी सहाय्यक गुणलेखक म्हणून उभे राहावे. अंतिम रेषेवरून खेळ पाहिला की पाय, हात आणि दम या तिन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवण्याची सवय लागते. मानधन बेताचे असते आणि रात्री उशिरा घरी परतावे लागते. तरीही निष्पक्ष पंच मिळाल्याखेरीज कोणतीही स्पर्धा उभी राहत नाही, आणि असा पंच तयार व्हायला एका मोसमाहून अधिक काळ लागतो.