संहितेपूर्वीचे नाट्य

मराठी बालनाट्याचा इतिहास बहुधा सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने सादर केलेल्या ‘मधुमंजिरी’पासून (१९५९) मांडला जातो. या परंपरेत संहिता प्रौढांची असते. मूल प्रेक्षक किंवा नट असते. शिक्षणक्षेत्रातील एक प्रवाह मात्र याहून जुना आहे. १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर स्थापणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या शिक्षणकथेत चौथीची मुले संवाद पाठ न करता गोष्टींची नाटके करतात. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा बालशिक्षणविचार बोर्डी (१९४५) व कोसबाड (१९५७) येथे रुजवला.

खेळातील भूमिका हा लेखनाचाच पूर्वेतिहास होय, असे वायगॉट्स्की यांचे प्रतिपादन आहे. ‘राजा रागावला’ एवढेच लिहून थांबणारे मूल राजा झाल्यावर राग कोणावर व कशासाठी, हेही लिहू शकते. कारण निबंधाच्या विषयात नसलेले वक्ता, श्रोता आणि प्रसंग त्याला नाट्यातून आधीच लाभलेले असतात. येथे संहिता प्रयोगानंतर, मुलाच्या वहीत सिद्ध होते. केवळ छापील संहितेला प्रमाण मानणाऱ्या वाङ्मयेतिहासाला म्हणूनच बालनाट्यातील बालक-लेखक दिसत नाही.