पाणथळ सड्यावर पायवाट बांधायची तर कशी?

पायवाट म्हटली की आपल्याकडे आधी पेव्हर ब्लॉकचा विचार होतो. खडी टाका, रोलर फिरवा, ब्लॉक बसवा, झालं काम. मी साताऱ्याचा, कासला जाणं नेहमीचंच, त्यामुळे हीच पद्धत तिथे वापरली तर काय होईल हे आधी सांगतो.

कास पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ मध्ये ते पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. खाली जांभा खडक आणि वर मातीचा थर, तोही काही ठिकाणी बोटभर नाही. पावसाचं पाणी खडकात फारसं मुरत नाही, पातळ थरासारखं सड्यावरून सरकत राहतं आणि खळग्यांत साचतं. वायतुरा, गेंद, सीतेची आसवं ही सगळी मंडळी या पाण्यावर जगतात. म्हणजे चार इंच उंचीचा भराव घातला तरी तो धरणासारखा वागतो: वरच्या बाजूला पाणी तुंबतं, खालची बाजू कोरडी पडते.

म्हणून इथे वाट जमिनीवर टाकायची नाही, जमिनीपासून उचलायची. मऊ दलदलीत यासाठी जमिनीत फिरवून बसवायचे स्क्रूसारखे लोखंडी खांब वापरतात. जांभ्यावर त्यांचा उपयोग नाही, आणि खडक फोडायचा तर मूळ हेतूच गेला. त्यापेक्षा उघड्या खडकावर नुसते टेकणारे, उंची कमी-जास्त करता येणारे पाय बरे. वरती जाळीदार फळ्या, म्हणजे ऊन-पाऊस खाली पोचतो. या फळ्या एफआरपीच्या मिळतात. (आपल्या भागात एफआरपी म्हटलं की ऊसदर आठवतो; ही म्हणजे काचतंतू घातलेलं प्लॅस्टिक!)

सिमेंट का नको? ओल्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. सीतेची आसवं किंवा दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पती आम्लधर्मी, निकस मातीला सरावलेल्या असतात. बाहेरून आणलेला मुरूमही धोक्याचा, कारण त्याबरोबर तणाचं बी येतं. काम उन्हाळ्यात करावं हे खरं, पण तेव्हा पठार 'रिकामं' दिसतं म्हणून जेसीबी आत घालू नये. वायतुऱ्याचे कंद त्याच मातीत झोपलेले असतात.

कासलाच एक धडा मिळालाय. पर्यटकांनी फुलं तुडवू नयेत म्हणून पठाराला लोखंडी जाळीचं कुंपण घातलं. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे गुरांची चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी तक्रार सुरू झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. माझ्या मते बांधकाम करण्याआधी ते काढायचं कसं, हे ठरवलेलं असावं. नटबोल्टचं काम खोलता येतं, काँक्रीट फोडावं लागतं.

आता सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य घ्या. तिथे प्रश्न उलटा. डोंगरउतार कोरडा, आणि वाट सरळ उतारावरून खाली आली की पहिल्याच वळवाच्या पावसात तिचा ओहोळ होतो. अशा ठिकाणी वाट आडवी, वळसे घेत काढतात. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त ठेवत नाहीत आणि तिची दरीकडची कड किंचित खाली ठेवतात, म्हणजे पाणी वाट धरत नाही. जागोजागी तिरपे दगड पुरले की उरलंसुरलं पाणीही बाजूला निघतं. यंत्र लागत नाही, पहार-कुदळ पुरते.

कायद्याचं थोडं. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार पाणथळ जागेत आणि हे नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही, बोटींचे धक्के सोडून. पण वनजमीन आणि अभयारण्यांतल्या पाणथळींना हे नियम लागू नाहीत, तिथे वन आणि वन्यजीव कायदे चालतात. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलावही यातून वगळलेत. तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव हातात असला तरी आधी सातबारा बघा, आणि जमीन वनखात्याची निघाली तर परवानगी तिथूनच घ्यावी लागेल.