सरकत्या चित्रातून उभी राहिलेली कंपनी

१९९० साली खेळायला निन्टेन्डो आणि हिशेबाला पीसी, अशी सरळ वाटणी होती. निन्टेन्डोवर मारिओ पळत सुटला की मागचं आभाळ, डोंगर, विटा सगळं अलगद मागे सरकायचं, कारण तशी सोय यंत्रातच केलेली होती. पीसीत ती नव्हती. चित्र सरकवायचं म्हणजे अख्खा पडदा नव्याने काढायचा, आणि तेवढ्यात खेळाची लय तुटायची.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट इथे सॉफ्टडिस्क नावाची कंपनी वर्गणीदारांना फ्लॉपीवर प्रोग्राम पाठवत असे. तिथे नोकरीला असलेला वीस वर्षांचा जॉन कारमॅक या अडचणीच्या मागे लागला. खेळाचं चित्र छोट्या चौकोनांचं बनलेलं असतं आणि शेजारचे पुष्कळ चौकोन हुबेहूब सारखे असतात. निळ्या आभाळाशेजारी निळं आभाळच येतं. मग बदललेले चौकोन तेवढे नव्याने काढावेत, बाकीचे तसेच राहू द्यावेत आणि बारीक सरकणं ग्राफिक्स कार्डाकडून करून घ्यावं, असं त्याने ठरवलं. कार्ड सगळ्यांकडे तेच होतं. त्याच्याकडे इतकं बारकाईने पाहिलं ते कारमॅकने, आणि या साऱ्या कथेत मला त्याचंच सर्वांत अप्रूप वाटतं.

सप्टेंबरातल्या एका रात्री त्याने आणि सॉफ्टडिस्कमधल्याच टॉम हॉलने जागून तिसऱ्या मारिओचा पहिला टप्पा पीसीवर उतरवला. मारिओच्या जागी सहकारी जॉन रोमेरोच्या खेळातला डेव्ह घातला आणि फ्लॉपी रोमेरोच्या टेबलावर ठेवून दिली. सकाळी ती पाहिली आणि रोमेरोचं मन नोकरीतून उठलं.

मग ऑफिसचे कॉम्प्युटर शनिवार-रविवारी गाडीत घालून घरी न्यायचे आणि सोमवारी परत आणायचे, असं सुरू झालं. मारिओचा नमुना त्यांनी निन्टेन्डोला पाठवला. निन्टेन्डोला आपला खेळ पीसीवर नकोच होता. तो नकार आला हे फार बरं झालं. होकार मिळता तर ही मंडळी दुसऱ्याचंच पात्र नाचवत राहिली असती.

टेक्सासमध्ये अपोजी कंपनी चालवणारा स्कॉट मिलर रोमेरोला निरनिराळ्या नावांनी चाहत्याची पत्रं लिहीत होता. उघड लिहिलं तर सॉफ्टडिस्कवाले पत्र अडवतील अशी त्याला धास्ती. सगळ्या पत्रांवर पत्ता एकच, हे रोमेरोच्या ध्यानात आलं. मिलरची विक्रीची रीत धाडसाची होती. खेळाचा पहिला भाग फुकट, कॉपी करून खुशाल वाटा, आवडला तर पुढचे भाग पैसे भरून मागवा. त्याने २,००० डॉलर आगाऊ दिले. १४ डिसेंबर १९९० ला या मंडळींचा स्वतःचा खेळ 'कमांडर कीन' आला आणि मानधनाचा पहिला धनादेश १०,५०० डॉलरचा निघाला. १ फेब्रुवारी १९९१ ला इड सॉफ्टवेअर स्थापन झाली. कारमॅक, रोमेरो आणि हॉल यांच्या जोडीला चौथा भागीदार चित्रकार एड्रियन कारमॅक, जॉनचा नातेवाईक नव्हे. ऑफिसचे कॉम्प्युटर वापरले होते, त्यामुळे सॉफ्टडिस्कशी तडजोड म्हणून तिच्यासाठीही काही खेळ करून द्यावे लागले.

पुढे १९९२ मध्ये 'वुल्फेन्स्टाइन ३डी' आला. १० डिसेंबर १९९३ ला 'डूम'चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचा होता, तोही फुकटच. तिथे आधीच इतके लोक ताटकळत होते, की खुद्द खेळ बनवणाऱ्यांनाच आत शिरायला जागा मिळेना. १९९७ मध्ये कंपनीने 'डूम'चा मूळ कोडही सर्वांसाठी खुला केला.