मेंढीच्या अंगावरचं मेण

मेंढी पावसात उभी असते, पण पाणी तिच्या कातडीपर्यंत सहसा पोचत नाही. कातडीतल्या ग्रंथींतून पाझरणारं पिवळट मेण लोकरीच्या केसाकेसावर चढलेलं असतं. कातरलेल्या लोकरीच्या वजनात त्याचा वाटा जातीनुसार ५ टक्क्यांपासून २०-२५ टक्क्यांपर्यंत असतो. मेरिनोत भरपूर, आपल्या दख्खनी मेंढीत बेताचा. तरी धनगराच्या घोंगडीवरून पाणी ओघळून जातं त्यात घट्ट वीण आणि चिंचोक्यांची खळ यांच्या जोडीला या मेणाचाही थोडा हात आहे.

न्यूझीलंडात जुन्या मोटारींचा पत्रा गंजू नये म्हणून हेच मेण लावतात. उदाहरणादाखल तिथल्या क्राइस्टचर्च शहराच्या पश्चिमेची हॉर्नबी ही औद्योगिक वस्ती घ्या. मधून मेन साउथ रोड आणि दक्षिणेकडे जाणारी रेल्वे गेलेली. शेजारच्या इस्लिंग्टनमध्ये १८८९ साली मेंढ्यांचा मोठा कत्तलखाना आणि शीतगृह उभं राहिलं आणि जवळजवळ शंभर वर्षं चाललं. ज्या परिसराचं पोट मेंढीवर चाललं, तिथे मोटार वाचवायलाही मेंढीच यावी, हे मला फार सुसंगत वाटतं.

या मेणाची माहिती जुनी आहे. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस आणि रोमन लेखक प्लिनी यांनी पहिल्या शतकात ते काढायची रीत लिहून ठेवली, पण ती मलमासाठी. लोखंडाशी त्याची गाठ पडायला गिरण्या याव्या लागल्या. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये जगभरची लोकर धुतली जाई आणि ते चिकट पाणी थेट सांडपाण्यात जाई. शहराला या मेणाचा इतका उपद्रव झाला की पुढे एशोल्ट इथल्या सांडपाणी केंद्रात गंधकाम्ल घालून ते वेगळं काढू लागले आणि विकूही लागले. गिरणीने टाकून दिलेल्या घाणीतून हा माल असा बाजारात आला.

१८८२ मध्ये जर्मनीत ओटो ब्राउन आणि ऑस्कर लीब्राइख यांनी हे मेण शुद्ध करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि लॅनोलिन हे नाव रूढ झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘डनीडिन’ हे जहाज गोठवलेलं मटण घेऊन न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्सहून लंडनला निघालं. मेंढीचं मांस सातासमुद्रापार विकता येतं हे त्या सफरीने दाखवून दिलं आणि इस्लिंग्टनसारख्या कारखान्यांची वाट मोकळी झाली. १९८२ पर्यंत न्यूझीलंडात मेंढ्यांची संख्या ७ कोटींवर गेली होती.

लॅनोलिन येईपर्यंत लोखंड राखायचं काम शेंदराकडे होतं. मारुतीला लागतो तोच शेंदूर, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, जवसाच्या तेलात कालवून पुलांना आणि जहाजांना फासत. तो उत्तम टिकतो, पण विषारी. शिवाय यंत्राच्या घासलेल्या, चकचकीत भागांवर रंग चालत नाही. तिथे लॅनोलिन उपयोगी पडलं. १९२० च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी संशोधन खात्याने द्रावकात विरघळवलेल्या लॅनोलिनच्या रीतसर चाचण्या घेतल्या. १९४३ पासून अमेरिकेत युद्धनौकांच्या बॅलास्ट टाक्यांना आतून लॅनोलिनचे लेप बसू लागले. खारं पाणी सतत भरायचं आणि उपसायचं, अशी ती जागा.

दिसायला चरबी असली तरी रसायनाने हे मेण आहे. त्यात ग्लिसरीन नाही, म्हणून ते तेलासारखं चटकन खवट होत नाही. ते वाळून कडक होत नाही, सांध्यात सरकत जातं, आणि थोडं पाणी शिरलंच तर ते स्वतःत धरून ठेवतं.

मोटारींना याची गरज का पडली, याचं उत्तर न्यूझीलंडच्या इतिहासात आहे. १९३८ मध्ये तिथे आयातीवर परवाने आले, नवी मोटार दुर्मीळ झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. आहे ती गाडी जपायची सवय लागली. व्हिंटेज कार क्लब १९४६ साली क्राइस्टचर्चमध्येच स्थापन झाला. गाडीच्या सक्तीच्या तपासणीचा नियम तर १९३७ पासूनचा; मुख्य सांगाड्याचा पत्रा सडला असेल तर आजही गाडी नापास होते.

१९३० पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांचा पत्रा लाकडी चौकटीवर दुमडून खिळलेला असतो. ओल धरते ती नेमकी त्या दुमडीत. युद्धानंतरच्या मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत वेगळी चॅसी गेली, दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवर भार आला आणि गंज आतून बाहेर येऊ लागला. त्यावर खालून डांबरी लेप मारायची पद्धत पडली. मला हा लेप जुन्या गाडीचा वैरी वाटतो. काही वर्षांनी तो तडकतो, भेगेतून शिरलेलं पाणी आत कोंडून धरतो, आणि वरून सगळं काळं, गुळगुळीत दिसत राहतं. पत्रा गेला हे कळतं तेव्हा हातात भोक येतं. लॅनोलिन पुसलं की खालचा पत्रा दिसतो. दुरुस्त करणाऱ्याला आणखी काय हवं?

अर्थात लॅनोलिन गंज बरा करत नाही. आधी गंज खरवडायचा, फॉस्फरिक आम्ल लावायचं, जस्ताचा प्रायमर आणि रंग द्यायचा; मग लांब नळीने पोकळ भागांत लॅनोलिन सोडायचं. पाणी निघायची भोकं बुजू द्यायची नाहीत. लॅनोलिनवर रंग धरत नाही, म्हणून क्रम चुकवून चालत नाही. वेल्डिंगपूर्वी ते पूर्ण पुसावं लागतं. चाकांच्या कमानीत खडी आणि पाणी ते धुऊन काढतात, तिथे दरवर्षी पुन्हा हात फिरवायचा.

हे मेण ३८ अंशांच्या आसपास वितळतं. हॉर्नबीच्या उन्हाळ्यात तेवढी उष्णता क्वचितच होते, त्यामुळे लेप जागेवर राहतो. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावरून तो ओघळेल. तिथे जास्त तापमानाला वितळणारं मेण मिसळलेला लेपच घ्यावा.