चार तारांचा खर्ज : बास गिटारची जडणघडण

सामूहिक वादनात सर्वांत खालचा स्वर जो वादक सांभाळतो त्याच्याकडे श्रोत्याचे लक्ष क्वचितच जाते. मात्र तो थांबला की वरचे सगळे स्वर अधांतरी झाल्याचे लगेच जाणवते. तंबोऱ्याची खर्जाची तार आणि डग्ग्याची घुमक ऐकत वाढलेल्या श्रोत्याला हे निराळे सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात आणि जॅझमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम प्रामुख्याने डबल बासकडे होते, आणि शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय संगीतापुरते तरी ते बास गिटारने आपल्याकडे घेतले. या स्थित्यंतराचा इतिहास बारकाईने पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : बास गिटारची लांबी, पडदे, तारा, पिकअप आणि तिच्यामागचा ध्वनिवर्धक यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकट्या वादकाच्या हौसेतून नव्हे, तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या इतर वादकांमुळे निर्माण झालेल्या अडचणींतून घडत गेली.

डबल बास हे उभे राहून वाजवायचे, माणसाच्या उंचीहून मोठे वाद्य असून त्याच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा, म्हणजे लगतच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर राहील अशा, लावतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता तिची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. या वाद्याच्या पट्टीवर पडदे नसल्यामुळे स्वराची जागा कानाने आणि सवयीने शोधावी लागते, आणि गोंगाटात स्वतःचाच स्वर ऐकू येईनासा झाला की सुरेलपणा ढळतो. १९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेतील नृत्यगृहांत ब्रास वाद्यांचे मोठे ताफे होते, ढोलांचे संच वाढले होते, आणि गिटारला विजेचे पिकअप लागल्यामुळे तीही पुढे सरसावली होती. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळलेले साधन. लोखंडी तार त्यावर कंप पावली की गुंडाळीत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याला मोठा करतो. डबल बासच्या पोकळ लाकडी पेटीचा आवाज या सर्वांपुढे तोकडा पडू लागला, आणि गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या लहान बँडांना तर ते धूड मोटारीच्या टपावर बांधून नेणे हाच एक उद्योग होऊन बसला.

या अडचणीवर पहिला विचारपूर्वक तोडगा सिअॅटल येथील पॉल टटमार्क यांनी काढला. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांच्या ऑडिओव्हॉक्स या कंपनीने गिटारसारखे आडवे धरायचे, भरीव लाकडाचे, पडदे असलेले विजेचे बास वाद्य विकायला काढले. कल्पना पुढे ज्या रूपात जगाने स्वीकारली तीच होती. पण त्या वाद्याचे नग फार थोडे बनले आणि तो प्रयत्न विस्मरणात गेला.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला, तेव्हा ही कल्पना रुजली. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. दुकानात येणाऱ्या धंदेवाईक वादकांच्या तक्रारी ऐकणे आणि त्यांवर सुतार व वीजतंत्रज्ञ या दोन्ही नात्यांनी उपाय शोधणे ही त्यांची पद्धत होती, आणि त्या पद्धतीचे महत्त्व कितीही सांगितले तरी कमीच ठरेल. त्यांनी तारेची झंकारणारी लांबी, म्हणजे घोडीपासून खुंट्यांकडील आडव्या पट्टीपर्यंतचे अंतर, ३४ इंच ठेवली. डबल बासवर हीच लांबी ४० इंचांच्या पुढे असते, तर त्यांच्याच गिटारवर ती साडेपंचवीस इंच होती. लांबी फार कमी केली तर जाड तार सैल पडून तिचा नाद फुसका होतो, आणि फार वाढवली तर डाव्या हाताची बोटे पडद्यांपर्यंत पोहोचत नाहीत. ३४ इंच ही या दोहोंमधील तडजोड इतकी नेमकी ठरली की आजही बहुसंख्य बास गिटारी त्याच मापाच्या असतात. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो म्हणून वाद्याचे नाव प्रिसिजन, अर्थात अचूकता. जड मानेमुळे वाद्य एका बाजूला झुकू नये यासाठी शरीराचा वरचा कोपरा शिंगासारखा लांबवला गेला आणि गळ्यातील पट्टा त्याला अडकवला. घोडीवरच्या धातूच्या झाकणाखाली स्पंजाची पट्टी बसवलेली असे, जेणेकरून स्वर डबल बासप्रमाणे लवकर विरावा.

या पडद्यांचा एक सामाजिक परिणामही झाला. डबल बास शिकायला वर्षे लागत, परंतु गिटारवादकाला प्रिसिजन बास थोड्या दिवसांत हाताळता येई, कारण त्याच्या तारा गिटारच्या खालच्या चार तारांप्रमाणेच, फक्त एक सप्तक खाली, लावलेल्या असतात. फेंडर यांना हे गिर्‍हाईक अपेक्षितच होते. जुन्या बासवादकांना मात्र ही उपरी वस्तू वाटली, आणि तिला प्रतिष्ठा मिळवून देण्यात लायनेल हॅम्प्टन यांच्या जॅझ वाद्यवृंदाचा मोठा वाटा आहे. त्यांच्या बँडमधील मंक माँटगोमेरी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी हे वाद्य अमेरिकेत व युरोपात व्यासपीठावर नेले. पुढे अनेक वर्षे स्टुडिओंत या वाद्याला ‘फेंडर बास’ असेच म्हणत. कंपनीचे नाव हेच वाद्याचे सामान्यनाम झाले होते.

परंतु वाद्य हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. मानवी कान खर्जाच्या स्वरांना कमी संवेदनशील असतो, आणि खालचा स्वर उत्पन्न करण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला कितीतरी जास्त हवा ढकलावी लागते. त्यामुळे गिटारवादकाला जेवढी वीजशक्ती पुरते तिच्या कित्येक पट बासवादकाला लागते. फेंडर यांनी १९५२ मध्ये बासमन नावाचा अँप्लिफायर काढला. त्याची पुढील आवृत्ती, जिच्यात दहा इंचांचे चार स्पीकर होते, गिटारवादकांनीच उचलली, आणि लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात तयार झालेला पहिला अँप्लिफायर तिच्याच आराखड्यावर बेतलेला होता. रॉकमधील गिटारच्या गर्जनेचा उगम असा बासवादकासाठी केलेल्या यंत्रात आहे, ही गोष्ट रॉकच्या इतिहासात जितकी नोंदली जायला हवी तितकी नोंदली जात नाही. बासवादकांची गरज ओळखून काम केले ते न्यू यॉर्कच्या परिसरात अँपेग कंपनी चालवणाऱ्या एव्हरेट हल यांनी, जे स्वतः बासवादक होते. त्यांचा १९६० चा बी-१५ हा २५ वॅटचा, १५ इंची स्पीकरचा अँप्लिफायर स्टुडिओंत ठाण मांडून बसला. आणि मैदानी मैफलींचे युग सुरू होताच त्याच कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॅटचा एसव्हीटी आणला, ज्याच्यासोबतची आठ स्पीकरांची पेटी हलवायला दोन माणसे लागत. डबल बासचे ओझे टाळण्यासाठी जन्मलेल्या वाद्याच्या पाठीमागे अठरा वर्षांत त्याहून जड ओझे उभे राहिले होते.

ध्वनिमुद्रणातील अडचण निराळी होती. तबकडीवरील खाच ही ध्वनिलहरीचीच आकृती असते आणि खर्जाची लहर रुंद असल्यामुळे खाच दोन्ही बाजूंना फार डोलते. ती मर्यादेबाहेर गेली तर स्वस्त ग्रामोफोनची सुई उडते. म्हणून तबकडी कापणारे तंत्रज्ञ बास मुद्दाम दाबत असत, आणि ब्रिटिश स्टुडिओंत तर हा दंडक फार कडक होता. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांना अमेरिकी तबकड्यांवरील भरदार बास आपल्या तबकड्यांवर का नाही असा प्रश्न पडला होता. १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’ हे गाणे मुद्रित करताना ईएमआयच्या तंत्रज्ञांनी एक मोठा स्पीकरच उलटा जोडून मायक्रोफोन म्हणून वापरला. तो बास अँप्लिफायरसमोर ठेवल्यावर खर्ज पूर्वी कधी नव्हता इतका स्पष्ट उतरला.

ज्या अमेरिकी तबकड्यांचा मॅकार्टनी यांना हेवा वाटत होता त्यांतील कित्येक डेट्रॉइट येथे मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत तयार झाल्या होत्या, आणि त्यांवरील बास जेम्स जेमरसन यांचा होता. १९३६ मध्ये साउथ कॅरोलायनातील इडिस्टो बेटावर जन्मलेले जेमरसन किशोरवयात डेट्रॉइटला आले, डबल बासवर जॅझ शिकले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी प्रिसिजन बासकडे वळले. त्यांनी डबल बासची रीत सोडली नाही. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने ते तार छेडत, आणि त्या बोटाला सहकाऱ्यांनी ‘हूक’ म्हणजे आकडा असे नाव दिले होते. तोवर लोकप्रिय गाण्यातील बास बहुधा रागाच्या आधारस्वरासारखा, प्रत्येक स्वरसमूहाचा मूळ स्वर ठोकत राही. जेमरसन यांनी जॅझमधील जाणारे-येणारे स्वर आणि आडवळणाच्या लयी त्यात गुंफल्या, आणि तरीही गायकाच्या वाटेत ते कधी आले नाहीत. ढोलवादक बेनी बेंजामिन यांच्या पायाखालच्या मोठ्या ढोलाशी त्यांचा ठोका असा जुळे की दोन वाद्ये मिळून एकच वाद्य वाजते आहे असे वाटावे. बँडमध्ये असणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

त्यांची साधने पाहिली तर आज दुकानात वादकाला जे सल्ले मिळतात त्यांच्या बरोबर उलट होती. १९६२ चा साधा प्रिसिजन बास, पट्टीपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या तारा, घोडीच्या झाकणाखालचा स्पंज जागच्या जागी, आणि तारा तुटेपर्यंत न बदलण्याची सवय. या तारा चपट्या वेष्टनाच्या होत्या. मधल्या पोलादी तारेभोवती सपाट फीत गुंडाळली की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि नाद गोल, मऊ, लवकर विरणारा येतो. याउलट वेष्टनाची तार गोल असेल तर नाद झगझगीत, पियानोच्या खर्जासारखा येतो. ‘द हू’ या बँडचे जॉन एन्टव्हिसल यांनी १९६६ च्या सुमारास रोटोसाउंड कंपनीच्या सहकार्याने अशा तारा सिद्ध करून घेतल्या, कारण त्यांच्या बँडमधील ढोल आणि गिटार इतके आक्रमक होते की मऊ नाद त्यांत बुडून जाई. दोन्ही निवडी योग्यच होत्या, कारण दोन्ही बँड निराळे होते. घरी एकट्याने वाजवताना कान खोल खर्ज आणि झगमगता वरचा नाद यांना भुलतो व मधला भाग कमी करतो. मात्र बँडमध्ये खर्जाची जागा मोठा ढोल घेतो, वरची जागा झांजा घेतात, आणि बासचा स्वर ओळखू येतो तो त्या वगळलेल्या मधल्या भागामुळेच. साधननिवडीबाबत अनुभवी वादक जे सांगतात त्याचा गाभा इतकाच आहे.

वादकांच्या गरजा निराळ्या, तशी वाद्येही निराळी होत गेली. फेंडर यांचा १९६० चा जॅझ बास हा अरुंद मानेचा, दोन पिकअपांचा आणि अधिक धारदार आवाजाचा. मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबुर्ग येथे घेतलेला, व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर हा आखूड, हलका आणि पोकळ. डावखुऱ्या मॅकार्टनी यांना तो सोयीचा वाटला याचे एक कारण त्याची दोन्ही बाजूंनी सारखी असलेली आकृती हे होते. पुढे जॅको पास्टोरियस यांनी जॅझ बासचे पडदेच काढून खाचा बुजवल्या आणि पट्टीवर नौकाबांधणीत वापरतात तो कडक राळेचा लेप दिला. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र तबकडीत बास गिटारवर मींड आणि गायकी अंगाची स्वरलकेर ऐकू आली. फेंडर कंपनीने तर १९७० मध्येच बिनपडद्याचा प्रिसिजन बास विक्रीस आणला होता. पडद्यांवरून पडलेले ते नाव मात्र तसेच राहिले.

मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. मार्व्हिन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीच्या वेष्टनावर जेमरसन यांचे नाव आले, तोवर त्यांचे बहुतेक मोठे काम होऊन गेले होते. १९८३ मध्ये ते वारले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी २००० मध्ये स्वतंत्र वर्ग केला, तेव्हा त्यांना त्यात पहिल्याच वेळी स्थान मिळाले.

मुंबईच्या चित्रपटसंगीताची स्थिती फारशी निराळी नव्हती. आपल्याकडे मैफलीत तबल्याच्या साथीदाराचे नाव निवेदनात घेण्याचा रिवाज आहे, परंतु चित्रपटाच्या तबकडीवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांच्यापुढे यादी जात नसे. गोव्यातील चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांत स्वरलेखन वाचायला शिकलेले अनेक वादक मुंबईच्या स्टुडिओंचा कणा होते, आणि राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात दीर्घकाळ बास गिटार वाजवणारे टोनी वाझ हे त्या परंपरेतले. ढोल, कोंगो, तबला आणि मादल एकाच गाण्यात वाजत असताना कोणता ठोका धरायचा आणि कोणता सोडायचा हा निर्णय बासवादकाचा असतो, आणि त्या काळच्या गाण्यांचा डौल पुष्कळसा या निर्णयांवर उभा आहे.

त्याच स्टुडिओंत चरणजित सिंग बास गिटारही वाजवत आणि नवनवी विजेची वाद्येही हाताळत. १९८२ मध्ये त्यांची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी निघाली. तिच्यात राग दहा, तालयंत्राचा एकसुरी ठेका, आणि खाली सतत फिरणारा खर्ज. हा खर्ज वाजवणारे रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे छोटे यंत्र मुळात बासवादक जवळ नसलेल्या गिटारवादकाच्या सरावासाठी बनवलेले होते. तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही; २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच यंत्रावर शिकागोत पुढे उभ्या राहिलेल्या नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून युरोपातील श्रोते चकित झाले. इतरांच्या गाण्यांखाली वर्षानुवर्षे खर्ज धरून राहिलेल्या या वादकाचे नाव या तबकडीच्या वेष्टनावर एकट्याचेच छापलेले होते.