ओवीच्या आधाराने टिकलेला विश्वास

मराठी ख्रिस्ती घरावर संकट आलं की तिथे भजन सुरू होतं. नागपूरला लागून, अमरावती रस्त्यावर वाडी आहे. ट्रान्सपोर्टची गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि जवळच दारूगोळा कारखान्याची वसाहत, जिला लोक नुसतं ‘डिफेन्स’ म्हणतात. विदर्भातल्या गावागावांतून पोटासाठी येऊन इथे वसलेल्यांत ख्रिस्ती कुटुंबंही आहेत. कुणाची नोकरी जाते, कुणी महिनोन्‌महिने दवाखान्यात पडून असतं, कुणाच्या घरी मयत होते. संध्याकाळी मंडळीतले विश्वासणारे जमतात, सतरंजी अंथरली जाते, पेटी उघडते आणि ‘उपासना संगीत’मधल्या भजनाचा नंबर सांगितला जातो. तरुण पोरं पान शोधू लागतात. म्हाताऱ्या बायकांच्या मांडीवरचं पुस्तक मात्र मिटलेलंच असतं, कारण त्यांना सगळं पाठ असतं. चाल कधी अभंगाची, कधी ओवीची, कधी साकी किंवा दिंडीची.

दुःखाच्या वेळी आपल्याच छंदात देवाला हाक मारायची ही रीत चारशे वर्षं जुनी आहे. चर्चच्या इमारती पडल्या, पाळक उरले नाहीत, राज्यं बदलली, दुष्काळ पडले, जातीने वाळीत टाकलं. या सगळ्यात मराठी माणसाचा ख्रिस्तावरचा विश्वास कशाने टिकला, हे पाहायचं तर या भजनाचा माग काढावा लागतो.

तो माग गोव्यात जातो आणि तिथून थेट इंग्लंडमध्ये. थॉमस स्टीफन्स १५४९च्या सुमारास विल्टशायर परगण्यात जन्मले. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणं म्हणजे दंड, तुरुंग आणि प्रसंगी फाशी. त्यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांनी आपल्या श्रद्धेपायी सुमारे तीस वर्षं तुरुंगात काढली. स्टीफन्स देश सोडून रोमला गेले, येशूसंघात, म्हणजे जेसुइटांच्या संघात, दाखल झाले आणि ऑक्टोबर १५७९मध्ये गोव्याला उतरले. श्रद्धेसाठी घरदार सोडावं लागणं म्हणजे काय, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

ते गोव्यातल्या ज्या साष्टीत राहिले तिथे चित्र उलटं होतं. इथे सत्ता ख्रिस्ती होती आणि छळ सोसणारे इतर होते. देवळं पाडली गेली होती, १५६०पासून इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा धाक बसला होता. १५८३मध्ये कुंकळ्ळीत पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून ठार केलं. ही हकिगत झाकून मराठी ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास सांगता येणार नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचे जुने ग्रंथ हिरावले गेले होते. पूर्वी रात्री पुराण ऐकणाऱ्या माणसाला आता ऐकायला काहीच नव्हतं. आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्या जागी दुसरं पुराण का देत नाही, असा प्रश्न स्टीफन्स यांच्या ग्रंथातच एका ब्राह्मणाच्या तोंडी आलेला आहे.

त्याचं उत्तर म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ आलं. १६१६मध्ये रायतूर इथे ते रोमन लिपीत छापलं गेलं. पैलें पुराण आणि दुसरें पुराण असे दोन भाग आणि सुमारे अकरा हजार ओव्या. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा. मराठी वाचकाला स्टीफन्स आठवतात ते मराठी भाषेच्या स्तुतीमुळे. पण त्यांचं याहून मोठं काम छंदाच्या निवडीत आहे. ज्ञानेश्वर, एकनाथांनी वापरलेली, बायकांनी जात्यावर म्हटलेली ओवी त्यांनी घेतली. ओवी म्हणायला पुरोहित लागत नाही, छापखाना लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. एकाने म्हणायची, बाकीच्यांनी ऐकत ऐकत पाठ करायची. १६१९मध्ये स्टीफन्स वारले. १६४९ आणि १६५४मध्ये पुराण पुन्हा छापलं गेलं.

मग सत्तेनेच त्यावर घाला घातला. १६८३च्या अखेरीस संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली आणि पोर्तुगीज पुरते हादरले. पुढच्याच वर्षी, १६८४मध्ये, व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेत लोक प्रार्थना करत होते तीच गुन्हा ठरली, आणि ठरवणारे राज्यकर्ते स्वतः ख्रिस्ती होते. छापील पुराण हळूहळू नाहीसं झालं. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही.

पण ओव्या गेल्या नाहीत. इन्क्विझिशन, करांचा बोजा आणि लढाया यांना कंटाळून गोव्यातली अनेक कुटुंबं, हिंदूही आणि ख्रिस्तीही, दक्षिणेला कानडा प्रांतात उतरली. ख्रिस्ती घरांनी पुराण हाताने लिहून सोबत नेलं. तिथे उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, घरी जमून ते वाचलं जाई.

या वाचनाची कसोटी १७८४मध्ये लागली. त्या वर्षीच्या राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्याच दिवशी, टिपू सुलतानाच्या हुकमाने याच प्रांतातल्या मंगळूर भागातून हजारो ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेण्यात आलं. चर्च पाडली गेली, पाद्री हद्दपार झाले. वाटेत आणि बंदिवासात किती मेले याचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. ४ मे १७९९ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा सुटका झाली. मध्ये पंधरा वर्षं गेली होती. तेवढ्या काळात मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मुलांना धर्मशिक्षण द्यायला कुणी नाही. त्या समाजाची परंपरा सांगते की बंदिवासात लोक एकत्र बसून ख्रिस्तपुराणातल्या ओव्या म्हणत आणि त्यावर त्यांचा विश्वास तगला. मला हे सहज पटतं. पंधरा वर्षांत एक पिढी उभी राहते. तिला वेदी दिसली नव्हती, तिच्या कानावर फक्त शब्द होते. आणि सुटून आल्यावर त्याच समाजाने आपली चर्च पुन्हा बांधली.

१९०७मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ख्रिस्तपुराणाची चौथी आवृत्ती छापली, ती घराघरांत जपलेल्या हस्तलिखितांवरून. आज हा ग्रंथ आपल्या हाती आहे त्याचं मोठं श्रेय नकला करणाऱ्या त्या अनाम हातांना आहे. छापखान्याने छापलं ते हरवलं आणि घराने लिहिलं ते उरलं.

उत्तरेकडे वसईतही असंच घडलं. मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज निघून गेले. किल्ल्यातली भव्य चर्च ओस पडली. राज्यकर्त्यांच्या बळावर आलेला धर्म त्यांच्यामागे जाईल, असं कुणालाही वाटलं असतं. पण शेती-बागायत करणारे गावकरी आपल्या बोलीत, आपल्या गाण्यांत ख्रिस्ती राहिले.

एकोणिसाव्या शतकात हा धागा घाटावर नव्याने सुरू झाला. गोव्याची परंपरा इथे माहीतही नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला काम सुरू केलं. मिशनऱ्यांनी आधी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले, पण खेड्यातल्या माणसाला त्यात गोडी वाटेना. १८६०च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती कवींनी कीर्तनाची वाट धरली. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग सगळं तेच, कथा शुभवर्तमानातली. ऐकणारे बहुतांश महार आणि मांग समाजातले. गावकुसाबाहेरच्या या माणसांना १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी पुरतं पिचून काढलं. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला. पोट हे कारण काहींचं असेलही. भुकेल्याला भुकेवरून कुणी हिणवू नये. पण दुष्काळ सरला, धान्याची मदत थांबली, तरी माणसं देवाला सोडून गेली नाहीत. वाळीत पडून, विहिरीवर अडवलं जाऊन, सोयरीक तुटूनही ती भजन म्हणत राहिली. त्या टोमण्याला याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

आता हा माग नागपुरात येतो. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये इथे आले, शाळा काढली, आणि १८६३मध्ये टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरात बुडून वारले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३पासून उभं आहे. पण मराठी ख्रिस्ती भजनाच्या दृष्टीने नागपुरातली मोठी घटना आगगाडीत घडली. कवी नारायण वामन टिळक नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वेदवाङ्मयाचं काम करत होते. १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. तो कोण होता हे टिळकांना कधीच कळलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढची वर्षं कठीण गेली. पत्नी लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन माहेरच्यांच्या आधाराने राहिल्या, पंढरपुरात दिवस काढले. नवरा जिवंत असून संसार मोडलेला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं की श्रद्धेची किंमत एकटा माणूस मोजत नाही, त्याचं सगळं घर मोजतं. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही, पत्रं लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परतल्या त्याही आपल्या सोवळ्यासकट. पुढे एकेक बंधन त्यांनी स्वतः विचार करून सोडलं आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. तो काळ त्याच १८९९-१९००च्या दुष्काळाचा आणि प्लेगचा. अनाथ मुलं त्यांच्या घरात वाढली.

टिळकांनी याच वर्षांत अभंग रचले. तुकारामांच्या वाटेवरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. म्हणूनच त्यांच्या अभंगांत देवाशी भांडण आहे, लडिवाळपणा आहे, आर्त आहे. वारकऱ्याच्या कानाला ते परके वाटत नाहीत. १९१७मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला आणि ९ मे १९१९ला ते गेले. मागे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. टिळकांचे साडेदहा अध्याय झाले होते, पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. धड शाळा न शिकलेल्या विधवा बाईने पतीचं महाकाव्य पुरं केलं. १९३६मध्ये त्या वारल्या. स्टीफन्स यांच्यानंतर तीनशे वर्षांनी पुन्हा ख्रिस्ताची समग्र कथा मराठी पद्यात उतरली, आणि या वेळी त्यात सिंहाचा वाटा एका मराठी बाईचा होता.

स्वातंत्र्यानंतरचा काळ सोपा गेला असं नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. गावात जात तीच, कागदावर मात्र ती नाही. अर्ज भरताना धर्माच्या रकान्यात खरं लिहायचं की पोराची शिष्यवृत्ती वाचवायची, हा प्रश्न अनेक घरांत आजही पडतो. श्रद्धेची किंमत अशी पिढ्यान्‌पिढ्या हप्त्याहप्त्याने भरावी लागते. पन्नासच्या त्याच दशकात दुसरीही झळ बसली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती. १९५४मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली आणि १९५६मध्ये तिचा अहवाल आला. ख्रिस्ती माणसाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. पुढे परदेशी मिशनरी कमी होत गेले आणि मंडळ्या इथल्या माणसांनी चालवल्या. २९ नोव्हेंबर १९७०ला सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही नागपुरातच.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि एप्रिलमधल्या पवित्र आठवड्यातही चर्चना कुलुपं होती. लोकांनी घरात बसून, मोबाइलवर एकमेकांना जोडून भजनं म्हटली. मयताला चार माणसं जमेनात, तेव्हा पाठ असलेलं भजन हाच अंत्यविधीचा मोठा भाग झाला. पाठांतर ही जुनाट सवय नाही, अडचणीच्या वेळची शिदोरी आहे, हे त्या वर्षी उघड दिसलं.

या सगळ्या मागातून मला एकच गोष्ट ठामपणे दिसते. संकटात श्रद्धा टिकते ती माणसाने आपल्या भाषेत, आपल्या चालीत मनात साठवलेली असेल तर. सत्तेचं संरक्षण, मिशनचा पैसा, दगडी इमारत यांतलं काहीही एका दिवसात जाऊ शकतं, आणि वेळोवेळी गेलेलं आहे. आज आपल्या चर्चमध्ये पडद्यावर ओळी उमटतात, पोरं हिंदी-इंग्रजी गीतं उत्साहाने गातात. ती त्यांनी गावीतच. पण पडद्यावरून वाचलेलं पाठ होत नाही. प्रत्येक संडे स्कूलने वर्षाला टिळकांचे आणि सांगळ्यांचे चार अभंग मुलांकडून तोंडपाठ करून घ्यावेत, आणि मंडळीतल्या आजींकडच्या चाली त्या हयात आहेत तोवर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. पैसा लागणारं हे काम नाही. पाळकांनी येत्या उपासकाळातच ते सुरू करावं.